जावयांची रायफल आणि माझं हळदकुंकू

तुम्ही हसाल, पण सांगतो. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आमच्या जावयांनी जुनी लष्करी रायफल घेतली. भोक पाडून तिच्यावर दुर्बीण बसवायची, हा त्यांचा बेत. नेमबाजी क्लबातला त्यांचा म्हातारा दोस्त क्लाउस सारखा बजावायचा, "मूळ रूप गेलं की किंमत गेली."

खंडेनवमीला जावयांनी ती पूजेला काढली. मी हळदकुंकू लावलं, तर डाग लाकडात मुरला. नेमका क्लाउस आला. डागाकडे बघतच राहिला. 

"हे कुणी केलं?"

"सासऱ्यांनी. आज आम्ही शस्त्रं पुजतो."

"मग पुसू नकोस. हा आता तिचा इतिहास."

जावई खुलले. "आल्झो, म्हणजे माझं भोकही इतिहासच होईल की!"

क्लाउसनं सावकाश चहा संपवला.

"नाइन, नाही. ते भोकच राहील."