डोकं उघडं असताना फुटलेलं गुपित

...आणि वर म्हणतात काय, तर बोलत राहा! तुम्हाला सांगतो, माणसाची कवटी उघडी, डोकं लोखंडी चिमट्यात आवळलेलं, मागं एक बाई मेंदूत हात घालून बसलेली, आणि समोर दुसरी बाई हसत हसत म्हणते, "बोलत राहा, हाल्वार्ड, बोलत राहा!" अहो, मी आमच्या बायकोशी कधी एवढं बोललो नाही! चौतीस वर्षांचा संसार, विचारा ओड्नीला... जेवताना 'बटाटे दे', उठताना 'जेवणाबद्दल आभार', संपला विषय!

झालं काय, मार्चमध्ये दुकानात पाव मागायला तोंड उघडलं आणि शब्दच गायब! चांगलं अर्धं मिनिट! दुकानदाराला काही वाटलंच नाही. आमच्या त्या बर्फाळ उत्तरेत कोणी अर्धं मिनिट गप्प राहिलं म्हणून कोण घाबरतंय? ओड्नी तेवढी घाबरली, ओढत इस्पितळात घेऊन गेली. तर डोक्यात डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून, लिंबाएवढी गाठ!

सर्जन कोण, तर सुनिवा. माझ्या मुलीच्या वयाची पोर! म्हणाली, "तुम्हाला झोपवून कापलं तर कुठं थांबायचं ते मला कळणार नाही. तुम्ही जागे राहा आणि बोला. मी एकेका जागेला विजेचा बारीक झटका देणार. जिथं बोलणं अडेल तिथं मी कापणार नाही, गाठ राहिली तरी." मी म्हटलं, "आणि राहिली तर?" "राहिलेली वाढते." सरळ सांगितलं बघा, आडपडदा नाही. मला आवडलं. दुखणार का म्हणाल, तर मेंदूला स्वतःला म्हणे दुखतच नाही... सगळ्यांची दुखणी त्याला कळतात, स्वतःचं काही नाही. अगदी आमच्या आईसारखं!

तर ती समोरची बाई मारित, वाचा-उपचार करणारी. चित्रं दाखवायची, मी नावं सांगायची. चाक... मांजर... कुऱ्हाड... चित्रं संपली तरी हिचं आपलं, "बोलत राहा, हाल्वार्ड! आवडीचं काहीतरी सांगा!" मी म्हटलं, मुल्ते. झालं, सुटलोच की मी! दलदलीत जुलैअखेर पिकणारी ती केशरी रानफळं, फेटलेल्या सायीत घालून खाल्ली की काय सांगू तुम्हाला, ते डास चावून चावून सुजलेलं तोंडसुद्धा गोड होतं! आणि मारित, अगदी सहज हो, म्हणाली, "अगबाई! कुठं मिळतात तुम्हाला?"

मी गप्प.

गप्पच बसणार! मुल्त्याची जागा विचारतं का कोणी? बायकोचं वय विचारा, मतपेटीत काय टाकलं ते विचारा, पण मुल्त्याची जागा? आमच्या वडिलांनी मरणाच्या दारात माझ्या कानात सांगितली, तीही माझा भाऊ खोलीबाहेर गेल्यावर! ओड्नीला चौतीस वर्षांत कळू दिली नाही, गाडी उलट्या दिशेला काढतो, दोन गावं फिरून तिथं जातो! मारित पडली दक्षिणेकडची, तिला काय ठाऊक?

तेवढ्यात मागून सुनिवाचा आवाज. "थांबलं. बोलणं थांबलं. इथं खुणेची चिठ्ठी ठेवा. हा भाग सोडून देऊ."

सोडून देऊ! गाठ आत राहणार, वाढणार, आणि कशासाठी? फळांसाठी! आता सुचतं, की 'अहो, मी मुद्दाम गप्प आहे' एवढं म्हणता आलं असतं... पण तेव्हा? प्रश्न विचारलाय तर उत्तर द्यायचं, शाळेत हेच शिकलेलो. बोंबललो! "चर्चच्या मागचा रस्ता! दलदलीतला लाकडी पूल! पुढं वीज पडलेलं बर्चचं झाड, त्याच्या पलीकडं दोनशे पावलं!"

खोलीत सात माणसं, सातांनीही ऐकलं. मग भूल देणारा, आमच्याच भागातला मेला, हळूच म्हणतो, "पूल जुना की नवा?"

"जुना!"

सुनिवानं त्याच जागी पुन्हा झटका दिला, तीनदा दिला, मी आपला पूल, बर्च, पावलं, पूल, बर्च, पावलं... "चिठ्ठी उचला," म्हणाली, "काढता येतेय." आणि काढली हो तिनं!

पुढं दोन आठवडे चमच्याला 'ते आपलं हे' म्हणत होतो. पण शब्द आले, एकेक करत सगळे घरी परतले. तीन महिन्यांनी मेंदूचा फोटो काढला, सुनिवा म्हणाली, "काही उरलेलं दिसत नाही." दर सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, ती टांगती तलवार आहेच, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी मी तिचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडलो. लाज कसली? त्या हातांनी माझी गाठ नेली आणि माझा एक शब्द नेला नाही.

इथं थांबायचं की नाही? पण मारितला आनंद आवरेना! "तेव्हाचं बोलणं टेप केलंय, ऐकायचंय?" आणि लावलं की, ओड्नीच्या समोर! चर्च... पूल... बर्च... मी जमिनीकडं बघतोय, आता ही काय म्हणते!

ओड्नीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "अरे, जुन्या पुलावरून कशाला जातोस वळसा घालून? नव्या पुलावरून पंधरा मिनिटं लागतात. मी तशीच जाते. दरवर्षी, तुझ्या चार दिवस आधी. अर्धी तुझ्यासाठी ठेवते."

चौतीस वर्षं!

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? मारितनंसुद्धा त्या वेळी 'बोलत राहा' म्हटलं नाही. मी आपलं खाली बघून म्हटलं, "आभार."