कणगीत सापडलेली तोंडं

गोजर : लांब हो, लडकू! आधी चुलीत घालते, मग काय ते बोल.

लडकू : आये, दे इकडं! चित्रांची वही हाय ती माझी.

गोजर : तुझी? भाताच्या कणगीत? आख्ख्या पाड्याची तोंडं, हिरवी-जांभळी, वाकडी! मला वाटलं कुणी करणी केली. सगळ्यांना सांगून आले मी.

लडकू : सगळ्यांना?

राही : करणी उतरवायला भगत पण निघालाय टोकावड्यावरून.

गोजर : तू गप गो सूनबाई! रे, कधी काढलंस हे?

लडकू : धरणाची मोजणी आली तेव्हा. अर्धा पाडा जमीन द्यायला तयार, अर्धा नाय. भावावर भाऊ कोयता घेऊन धावला. रोज लपून काढायचो.

गोजर : कोयता कळला. पण शेजारची धाऊ हिरवी कधी होती? मुंबईत चित्रं शिकलास, माणसाला माणसाचा रंग देता येत नाय?

लडकू : घाबरली होती ती. मला तशीच दिसली.

गोजर : आणि ही कोण भवानी? अर्धं पान नुसतं तोंड! घसा दिसतोय आतला.

राही : आत्या, तुमीच त्या. शेतातल्या मोजणीच्या खुंट्या उपटल्या त्या दिवशीच्या.

गोजर : (वही चुलीपासून मागं घेत) मी? अन् एवढंच तोंड? मोजणीवाला चप्पल टाकून पळाला होता! आणखी मोठं काढायचं.

लडकू : कागद संपला, आये.

गोजर : मग अशी लपवलीस कशाला?

लडकू : ती माणसं अजून एकमेकांच्या दारात जात नाय. ही चित्रं बघितली तर परत डोकी फुटतील.

गोजर : फुटू देत. आधी आपापली थोबाडं तरी बघतील.

राही : आत्या, आले सगळे! काडेपेटी पण आणलीय कुणी!

गोजर : अंगणातच थांबव. माझ्या घरातलं काय जाळायचं ते मी ठरवीन... लडकू, हा निळा कोण? हात सुपाएवढे.

लडकू : बाबा. गेले त्याच्या आदल्या दिवशी. तापात हात सारखे हलत होते, भात लावल्यासारखे.

गोजर : ...आधार कार्डावर फोटो हाय त्यांचा. त्यात दुसराच कुणी वाटतो.

लडकू : दे आता. आत नेऊन ठेवतो.

गोजर : थांब. हे पान बघू दे अजून.