पाठमोरी

इंदू : तुझा बदलीचा अर्ज मी पुढं पाठवणार नाही, पंचशीला. बंद पडलेलं काळीज जिनं चालू केलं, ती आयसीयू सोडून हिमायतनगरला लसी टोचत बसणार? लोक मला हसतील.

पंचशीला : मॅडम, ते मी नाही केलं.

इंदू : पुन्हा तेच. इन्चार्ज मी आहे इथली. त्या दिवशी पळत आले तेव्हा दारातून माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तू स्टुलावर चढून महादेवप्पांची छाती दाबत होतीस. डॉक्टर आलोक खाली अपघाताच्या पेशंटपाशी अडकलेले, अन् तू सगळ्यांना कामाला लावून राहिली होतीस. शॉकची मशीन आणा, इंजेक्शन भरा. मी सुद्धा मुकाट्यानं ऐकलं तुझं.

पंचशीला : माझा एवढा आवाज याआधी कधी ऐकला का तुम्ही?

इंदू : नाही. म्हणून तर कौतुक.

पंचशीला : मी भिंतीपाशी उभी होते. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली अन् माझे हातपाय गार पडले. कॉलेजात तोंडी परीक्षेला व्हायचं ना, तसंच. मागं सरकत सरकत भिंतीला टेकले. पाठीला टाइल्स गार लागत होत्या, ते पण आठवतंय.

इंदू : मग स्टुलावर कोण होतं?

पंचशीला : एक सिस्टर. पाठमोरी. तोंड नाही दिसलं. डाव्या खांद्याची शिवण उसवलेली होती तिची. घरी जाऊन ड्रेस काढला, तर माझी तीच शिवण उसवलेली.

इंदू : अगं, मग तूच की ती. लई घाबरलं की होतं असं. माणसाला आपलं आपणच बाहेरून दिसतं.

पंचशीला : होत असेल. ट्रेनिंग द्यायला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या, आत्मविश्वास आतून येतो. माझा आतून नाही आला, मॅडम. माझ्या बाजूनं येऊन पुढं निघून गेला. पुढच्या वेळी ती आली नाही, तर पेशंट जाईल. अन् आली, तर…

इंदू : तर काय?

पंचशीला : तर मी कुठं राहू?

(वॉर्डबॉय महादेवप्पांना व्हीलचेअरवर दारापर्यंत आणून सोडतो.)

महादेवप्पा : येऊ का सिस्टर?

इंदू : या मामा. आज घरी ना? देगलूरला?

महादेवप्पा : हाव. पोरगं गाडी घेऊन खाली उभं हाय. म्हणलं, जायच्या आधी त्या दोघींना हात जोडावं.

इंदू : दोघी कोण? मी तर शेवटाला आले. तुम्हाला वाचवलं ते हिनं, या पंचशीलानं.

महादेवप्पा : तुमी न्हाई. म्या पार वर छताला टेकल्यावानी होतो, सगळं दिसून राहिलं होतं. एक माझ्या छातीवर. फासळ्या अजून ठणकून राहिल्यात बघा. अन् एक तिकडं भिंतीपाशी, रडत. तोंड दोघींचं एकच. म्या म्हणलं, जुळ्या असतील.

इंदू : औषधाच्या गुंगीत दिसतं मामा काहीबाही.

महादेवप्पा : असंल. पर या लेकीला इचारा की.

पंचशीला : मामा, छातीवर होती तिचं तोंड दिसलं तुम्हाला? कशी होती?

महादेवप्पा : तुझ्यावानीच, माय. फकस्त भ्यायली नव्हती. दाबता दाबता हळूच म्हणायची, ये ना, ये ना. मला वाटलं, मलाच बलावती. मंग ध्यानात आलं, ती भिंतीपाशीच्या पोरीला बलावून राहिली होती.

इंदू : पंचशीला, बस खाली. तोंड पांढरं पडलंय तुझं. अन् हा अलार्म कुठला? तीन नंबर. पार्वतीबाई. थांब, डॉक्टरांना फोन लावते.

पंचशीला : मी जाते.

इंदू : जमेल? तिकडं सिस्टर देविका एकटीच आहे.

पंचशीला : बोलावलंय ना तिनं.

इंदू : हॅलो, डॉक्टर आलोक? आयसीयूत या. बेड तीन. लगेच.

पंचशीला : देविका, ऑक्सिजन वाढव. डोकं वर घे त्यांचं. सक्शनची नळी इकडं दे, माझ्या हातात. पार्वतीबाई, डोळे मिटायचे नाहीत. माझ्याकडं बघा. श्वास घ्या. घ्या म्हणते ना.

महादेवप्पा : हाच. हाच आवाज.

इंदू : हो.

पंचशीला : मॅडम, कफ अडकला होता, निघाला. श्वास नीट सुरू झालाय. पण डॉक्टरांना येऊ द्या.

इंदू : बरं.

महादेवप्पा : सिस्टर, जरा त्या भिंतीकडं बघता का? कुणी उभं हाय का तिथं?

इंदू : तुम्हीच बघा की मामा.

महादेवप्पा : म्या तिकडं पाठ करून बसलोय.

इंदू : मग राहू द्या तसंच. चला, डॉक्टर आलेच, लिफ्टपर्यंत मी सोडते तुम्हाला.