कागद न्हाय म्हणून माणूस न्हाय?

मी ईरण्णा, मूळचा मंद्रूपचा. आई कानडीत शिव्या द्यायची आन बाप मराठीत मारायचा, तवा दोन्ही भाषा मला अंगावरच लिहून मिळाल्या म्हणा की. मिसरूड फुटायच्या आत सोलापुरात आलो, चादरीच्या कारखान्यात मागावर लागलो ते मागावरच म्हातारा झालो. कामावर घेताना मालकानं काय लिहून दिलं न्हाय, म्हणला, कागद परक्याला लागतो, तू तर घरचाच की रे. काय सांगू पोरा तुला, लई बरं वाटायचं ते ऐकून. घरचा म्हणं! घरच्या कुत्र्याच्या गळ्यात पन पट्टा असतोय, कुणाचं हाय ते कळतं तरी.

मागाचा आवाज म्हंजे कानात खिळं ठोकल्यागत. तितं बोलून उपयोग न्हाय, सगळा कारभार खुणांचा. मालकानं लांबनं मूठ वर करून खाली ओढली की हँडल ओढायचं, माग बंद. उशीर केला तर हाताला येईल ते फेकून मारायचा, एकदा माझं कपाळ फुटलं, तरी मी हँडल आधी ओढलं आन रगत मागनं पुसलं. आता ह्याला काय म्हणावं.

मागात धोटा असतो, सूत पोटात घिऊन हिकडनं तिकडं पळणारं लाकूड, टोकाला लोखंड. माझ्या मागाचा धोटा बाहेर उडायला लागला व्हता. मालक, जाळी बसवा म्हणलं, तर म्हणतो कसा, डोळं उघडं ठेव की. ठेवलं. त्याच उघड्या डोळ्यात धोटा शिरला बघ. डावा डोळा गालावर लोंबला, तो मी हातात धरला, गरम व्हता. माग दुरुस्त करणारा सिद्राम, माझ्या ताटात जेवलेला माणूस, त्यानं मला रिक्षात घालून दवाखान्याच्या दारात उतरवलं, म्हणला, जिन्यावरनं पडलो म्हणून सांग.

पट्टी बांधलेल्या तोंडानं मालकाकडं गेलो, डोळ्याचं काय ते बघा म्हणलं. तो म्हणाला, कोण तू? कागद दाखव. मी हसलो, मला थट्टाच वाटली. तवर सिद्रामानं मागाचा चामडी पट्टा घिऊन मला फाटकात लोळवलं, बरगडीवर, पट्टीवर, जिथं बसंल तिथं. आत माग चालूच व्हते, कुणाला काय ऐकू जाणार? घरी गेलो तर आमची मंडळी म्हणती, मार पन घरचाच हाय, गोड मानून घ्या.

मग तुमी युनियनच्या पोरांनी मला कामगार कचेरीत नेलं. मालक वकील घिऊन आला, म्हणला, ह्या माणसाला मी वळखतच न्हाय, चोरी करायला शिरला असंल. चोर! तळपायाची आग मस्तकात गेली, मी वरडायला लागलो, जाळी मागितली व्हती का न्हाय, सांग पोराची शपथ घिऊन. आन मालकाची मूठ वर गेली, खाली आली. मी गप. गप झालो ते झालो, माझा उजवा हात पुढं जाऊन हवेतलं हँडल ओढून माघारी आला.

कचेरीतल्या बाईसायेब म्हणाल्या, हे काय केलंत काका? म्हणलं, माग बंद केला की. बाई मालकाकडं वळल्या, आणि वळखीच्या नसलेल्या माणसाला तुम्ही कसली खूण केलीत? वकील मालकाची बाही धरून ओढायला लागला, पन खूण तर करून झाली व्हती. बाईंनी लिहून घेतलं, म्हणाल्या, कागद नसला तरी काम करणारा कामगारच असतो.

तुमी पोरं नाचलात. मला मात्र लाज वाटली, खरं सांगतो. डोळा गेला तरी हात मालकाचाच व्हता.

त्याच सांजेला सिद्राम दोन गडी घिऊन आला, तक्रार मागं घे म्हणला, न्हाय म्हणलं तर माझी बोटं उंबऱ्यावर ठिऊन बुटानं मोडली. मंडळीनं उकळत्या आमटीचं पातेलं त्याच्या छातीवर वतलं. गल्लीभर बोंबलत गेला भाड्या.

आता तारखा पडत्यात, मी जातोय. मोडलेली बोटं वळत न्हाईत, कुणाचंच ऐकत न्हाईत ती, बरंच झालं. तू कारखान्यांकडंच निघालास न्हवं? जा बाबा, जपून जा, पोरांशी बोल. तुझं दोन्ही डोळं शाबूत राहू देत.