लसूणघासाची मळणी

आबाजी : आरं, इंजान तर बंद केलंय! मग हात का निघंना?

कुंडलिक : ओढू नगा, आबा! सोडा आधी. मळणीयंत्राच्या ढोलाचा दात हाताच्या पाठीवर बसलाय, खालनं जाळी हाय. ओढलं तर हात हितंच ऱ्हाईल.

आबाजी : पर तू घातलासच कशाला त्यात?

कुंडलिक : ओला घास गुंडाळला व्हता ढोलाला. फिरंना. तुमी म्हणलात, आभाळ भरून आलंय, बी भिजंल, उरक बिगीनं. म्या इंजान थांबवलं, पर पट्टा काढायचा ऱ्हायला. पट्ट्याला ताण व्हता. गुंडाळा उपसला तसा ढोल वीतभर फिरला... आई गं... फिरला अन् हात घिऊन गेला.

आबाजी : मीच घाई केली म्हण की.

कुंडलिक : आता कुणी का केली असंना. माणसं कुठं गेली सगळी?

आबाजी : पळाली. यंत्राला रगात लागलं, आता ते आणिक मागणार, असं गेणू वरडला अन् धा-बारा माणसं बांधाच्या पल्याड. सोपान तेवढा गाडी जुपाया वस्तीवर गेलाय.

रतन : आबा! वाटंत बाया काय बी सांगत्यात... अवो! हे काय झालं वो?

कुंडलिक : रतन, रडू नगंस. माज्याकडं बघ. हाताकडं न्हाय, माज्याकडं.

रतन : किती रगात ह्ये! आबा, बाप असून तुमी नुसतं हुबं काय ऱ्हायलाय?

आबाजी : काय करू, पोरी? मी चाक धरून ढोल उलटा फिरवू का?

कुंडलिक : न्हाय! फिरवायचा न्हाय. मागला दात मनगटावर यील. आबा, पाया पडतो, हात लावू नगा चाकाला.

रतन : मग काय करू, तुमीच सांगा. मला यातलं काय कळत न्हाय.

कुंडलिक : सांगतो. सांगतो, जरा दम... इंजानाच्या चाकाखाली बाभळीची पाचर हाय. ती काढ अन् ढोलाच्या चाकात ठोक. ढोल हलाया नगं.

रतन : ही का?

कुंडलिक : हां. हातोडा हत्याराच्या पेटीत हाय. ठोक. आणि... आणि जोरात. आबा, आता पट्टा उतरवा. कडंकडंनं. दणका देऊ नगा.

आबाजी : कसा ताठ बसलाय मेला. बिरोबा, बळ दे रं... आला. उतरला!

कुंडलिक : ढोल हलला का?

रतन : न्हाय हलला. म्या पाचर दाबून धरलीय.

कुंडलिक : शाबास. आता ही खालची जाळी. तिला दोन्ही अंगांनी एकेक मोठा बोल्ट हाय. दोन्ही सुटलं की जाळी खाली उतरंल अन् हात मोकळा. रतन, मोठा पाना घे. माज्या बाजूचा आधी.

रतन : कुठल्या अंगाला फिरवू?

कुंडलिक : आवळताना फिरवत्यात त्याच्या उलटं. डावीकडं. अंग टाक सगळं.

रतन : हलतोय. सुटतोय वो!

कुंडलिक : थांब! आबा, जाळीखाली खांदा द्या. ह्यो बोल्ट निघाला की ही बाजू लोंबंल, जाळी तिरकी हुईल अन् हात कापंल. तोलून धरायची. पल्याडचा निघंस्तवर सोडायची न्हाय.

आबाजी : दिला खांदा. काढ, पोरी.

रतन : निघाला.

कुंडलिक : आयायायाय...

रतन : अवो!

कुंडलिक : काय न्हाय. काय न्हाय. पल्याड जा. जा की!

रतन : आबा, थेंब पडाया लागलं.

आबाजी : पडू दे.

कुंडलिक : बी! आबा, घासाच्या बियाची रास उघडी हाय. वाऱ्यानं ताडपत्री उडतीय बघा. ती दाबा जाऊन. एवढ्या पाण्यावर, एवढ्या राखणीवर आणलेलं पीक...

आबाजी : मी खांदा काढला तर?

कुंडलिक : तुमी आधी बी बघा.

आबाजी : मी खांदा काढला तर तुजा हात जाईल का न्हाय?

कुंडलिक : जाईल.

आबाजी : मग बियाचं नाव काढू नगं. रतन, तुजं बघ.

रतन : ह्यो फिरंना. पाना नुसताच घसरतोय. कोपरं झिजल्यात ह्याची.

कुंडलिक : घासलेट वत त्याच्यावर. बाटली पेटीजवळ.

रतन : वतलं. तरी न्हाय. न्हाय फिरत. अवो, न्हाय फिरत!

कुंडलिक : छिन्नी. छिन्नी घे. बोल्टाच्या डोसक्याखाली लाव अन् घाव घाल. डोसकं उडालं पायजे.

रतन : घावाचा दणका तुमच्या हातात बसंल.

कुंडलिक : बसंलच. तू थांबायचं न्हाय. मी वरडलो तरी थांबायचं न्हाय.

रतन : मला न्हाय जमायचं. आबा, तुमी या, मी खांदा देती.

आबाजी : पोरी, ही जाळी तुज्यानं तोलणार न्हाय. माजाच खांदा दबतोय. हाण.

रतन : डोळं मिटा वो.

कुंडलिक : मिटलं. हाण... आ! आये! हाण, हाण!

रतन : चीर पडलीय. आणि एक... आणि एक... अवो? अवो, बोला की! आबा, मान टाकली ह्यांनी!

आबाजी : छातीवर हात ठिव.

रतन : धडधडतंय.

आबाजी : मग बरं झालं. त्याला कळत न्हाय तंवर उरक. रडायचं ते मागनं रड. हाण, रतन! हाण!

रतन : गेलं! डोसकं उडालं! आबा, सोडा जाळी!

आबाजी : तू त्याला धर. कवेत धर. मी उतरवतो... हळू... आला का?

रतन : आला. आला हात. देवा, हे काय झालंय ह्याचं... तुमचं धोतर फाडा, आबा. बिगीनं.

(बैलगाडीत, बारामतीच्या वाटेवर. पाऊस थांबलाय.)

कुंडलिक : रतन.

रतन : हाय की. तुमचं डोस्कं माज्याच मांडीवर हाय.

कुंडलिक : बोटं?

रतन : बांधलंय सगळं. डाक्तर बघंल.

कुंडलिक : तू बघितलंस न्हवं?

रतन : करंगळी अन् तिच्या शेजारची... त्या न्हायती. बाकीची हलवत व्हतासा, झोपंत.

कुंडलिक : बरं.

रतन : लई दुखतंय का?

कुंडलिक : आबा, बी?

आबाजी : भिजलं. निम्मं पाटात वाहून गेलं. उरल्यालं मोड फुटून जाईल.

कुंडलिक : ताडपत्री तेवढी जरी...

आबाजी : कुंडलिका, घास कापला तरी परत फुटतोय. आणिक एक उन्हाळा पाणी दिऊ. आता बोलू नगं.

रतन : पाणी पिता का? व्हट सुकल्यात.

कुंडलिक : दे तांब्या.

रतन : ऱ्हावू द्या. मीच पाजती.

कुंडलिक : आबा हायती म्होरं.

रतन : असू द्यात.

आबाजी : पाज, पोरी. मी बैलांकडं बघतोय.