दारात आलेली चेटकीण

नाही नाही, पाकीट ठेवा आत — भीक नाही हो मागत, चेटकीण आहे ती! म्हणजे माझी मुलगी आहे, केर्त्तू, वरच्याच मजल्यावर राहतो आम्ही, पण आजच्या दिवसापुरती चेटकीण. म्हणून डोक्याला रुमाल, हातात कॉफीची किटली आणि गालांवर हे ठिपके — माझ्या भुवयांच्या पेन्सिलीने काढलेत, जरा जास्तच झालेत, गोवर आल्यासारखी दिसतेय, माहीत आहे मला. ईस्टरच्या आधीचा रविवार ना आज, सगळी पोरं अशीच दारोदार फिरतात. आधी विचारायचं, फांदी फिरवू का — मग ही वाळुंजाची फांदी, पिसं लावलेली, तुमच्या अंगावरून फिरवायची, वर्षभर ठणठणीत राहा अशा अर्थाचं गाणं म्हणायचं, फांदी तुम्हाला, खाऊ तिला, संपलं! घरमालकाने सांगितलं नाही तुम्हाला? कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे मात्र पानभर लिहून ठेवलं असेल. — कोट चढवलाय, म्हणजे बाहेर निघाला होतात? सरोवरावर? छे, आता नाही हं जायचं बर्फावर, काठाला पाणी सुटलंय. आणि छपराखालून चालू नका, वरून बर्फाचा ढीग धाडकन कोसळतो. ऊन बघून फसू नका — आमचा वसंत असाच, डोळे दिपवतो आणि कान गोठवतो.

हां, तर गाणं. केर्त्तू म्हणेल. म्हणेल ना? — म्हणेल. अख्खं पाठ आहे तिला! आंघोळ करताना म्हणते, मांजराला म्हणून दाखवते, बापाच्या डोक्यावर झाडू फिरवून म्हणते. फक्त दाराबाहेर पाऊल टाकलं की — आता पाच वर्षांची होईल, आणि पाळणाघरात अख्खा हिवाळा एक शब्द नाही. एक शब्द नाही हो! आणि आमच्या या अबोल लोकांच्या देशात हे कळायलाच किती वेळ गेला! दुसरीकडे कुठे असतं तर महिन्याभरात बोलावून घेतलं असतं, इथे पाळणाघरातल्या बाई मला म्हणतात, "फार गुणी पोर आहे तुमची." मीच शेवटी नर्सकडे घेऊन गेले. नर्स केर्त्तूला म्हणाली, "तुझं नाव काय गं?" — मी म्हटलं, केर्त्तू. "मांजराचं नाव काय?" — मी म्हटलं, नाव नाही, आम्ही मांजरच म्हणतो. मग नर्सने पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं माझ्या दातात काही अडकलंय.

हसताय? हसा, हसा, मीही हसते. शिकलेली बाई आहे मी, मुलांच्या भाषेवरची दोन जाडजूड पुस्तकं उशाशी आहेत, दोन्हींत लिहिलंय — थांबा, वाट बघा. मी वाटच बघते! पण तो जो मधला वेळ असतो ना, प्रश्न विचारला आणि उत्तर अजून आलं नाही, तो मला सोसत नाही. समोरच्याला काय वाटेल, हिला काय वाटत असेल — आणि तोंड आपोआप उघडतं. आत्ता तुमच्या शेजारच्या रायलीबाईंच्या दारात तेच झालं. त्यांनी दार उघडलं, केर्त्तूने फांदी उचलली, ओठ हलले बरं का, मी बघितले — आणि मीच धडाधड अख्खं गाणं म्हणून मोकळी! रायलीबाई म्हणाल्या, "छान. मग तुझ्या गालावर ठिपके का नाहीत?" चॉकलेटचं अंडंही माझ्याच हातावर ठेवलं. तुओमास, म्हणजे नवरा, सकाळीच म्हणाला होता, "तू घरी थांब, तिला एकटीला जाऊ दे, सगळी पोरं जातात." एकटीला! जिन्यातून! हातात किटली घेऊन!

म्हणून तर तुमचं दार — म्हणजे, तसं नाही, तुमच्याकडे यायचंच होतं, नवे शेजारी आहात — पण खरं सांगू? तुम्हाला काही ठाऊक नसणार म्हणून आले. ती नाही बोलली तर तुम्हाला कळणारही नाही की बोलायचं होतं. फांदी देऊ, हसू, निघून जाऊ, कुणी हिच्याकडे तसं बघणार नाही. आणि बघा, मीच सगळं सांगून बसले! बरं झालं, आपण दोघं बोलतोय ती परकी भाषा तिला कळत नाही. — हे काय, खोकल्याची गोळी? खाऊ म्हणून? अहो चालेल, पळेल, किटलीत टाका, पण आधी तिने — नाही, असू दे, टाका, ती काही —

काय गं? बाही नको ओढूस. एक मिनिट हं, ही काहीतरी — काय? परत म्हण.

ऐकलंत? ऐकलंत ना तुम्ही? तुमच्यासमोर! चांगली मोठ्याने! मला भास नाही ना झाला? नाही नाही, गाणं नव्हे ते — ती म्हणाली, "आई, तू गप्प बस ना. मला म्हणायचंय."

बसते. बसते गं राणी. तुम्ही जरा खाली वाका, तिचा हात पोचत नाही तिथवर, आणि डोळे मिटायची काही गरज — हो, हो, गप्प —