लायनिंग संपल्याचा आवाज

आमचं मूळ गाव संगमेश्वराकडचं, वडील कल्याणला वखारीत कामाला लागले म्हणून आम्ही सगळे इकडे आलो, मी मोठी आणि पाठची सुमन. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मला ठाण्याला दिलं. हे नौपाड्यात एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर, राहायला गॅरेजमागची खोली. स्थळ आणणारे मामा म्हणाले, पोर मोटारीतून फिरेल हो. काय सांगू तुला, किती वर्षं गेली, त्या मोटारीच्या गादीला माझी पाठ लागली नाही. भिंतीपलीकडे ती आणि अलीकडे मी.

उठले की चहा नंतर, आधी तिला पुसणार. ती जरा कुठे कुरकुरली की हे कान लावून बसणार. मी महिनाभर खोकत होते तर विचारतात, अगं, हे कधीपासून? बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या, लोखंडाशी काय भांडायचं. हसू नकोस, लिहून घेतोयस ना, मी सांगते तसंच लिही.

मग सुमनचं लग्न ठरलं. डोंबिवलीचं स्थळ, घरचं कापडाचं दुकान, मुलगा दिसायला राजबिंडा. मला आनंद झाला, झालाच, पण घरी येऊन पीठ मळताना उगाच रडले. डॉक्टरीणबाई मनाने मोठ्या, म्हणाल्या, करवलीला मोटारीतून ने रे. कल्याणची आमची काकू मला नेहमी विचारायची, काय ड्रायव्हरीणबाई, आज पण पायीच का? आता बघशील म्हटलं.

लग्न कल्याणला. त्या सकाळी नऊवारी नेसून, रुखवताची टोपली मांडीवर घेऊन बसले. फाटकातून निघताना ब्रेक चिर्र वाजला. मी दचकले. हे म्हणाले, घाबरू नको, हा दवाचा आवाज, रात्रीत ओल धरते, चार वेळा दाबला की जातो. आणि गेलाच. पण पुढे वळणावर एक टांगा आडवा आला, ह्यांनी पाय दाबला आणि खर्रर्र, पाट्यावर वरवंटा कोरडा ओढावा तसं. ह्यांचा चेहरा उतरला. परत दाबला, परत खर्रर्र. म्हणाले, उतर. चाकाच्या आत लायनिंगची पट्टी असते, ती झिजून संपली की खालच्या रिबिटा, म्हणजे पट्टी ठोकलेले खिळे, उघड्या पडतात आणि लोखंडावर लोखंड घासतं. तो आवाज आला की मग पुढे जायचं नाही, पट्टीच बदलायची. मी म्हटलं, अहो, हळूहळू चला ना, आजच्या दिवस. तर म्हणतात, हळू काय, ऐन वेळी थांबली नाही म्हणजे? आणि तिचा चाकातला ड्रमही खराब होईल. तिचा! मी टोपली डोक्यावर घेतली आणि स्टेशनात गेले, नवी नऊवारी, गजरा, नाकात नथ.

हे अक्षता पडल्यावर उगवले, हात काळे. काकूने पंगतीतच विचारलं, जावईबापू, मोटार कुठाय? आणि हे पानावर बसून सगळ्यांना त्या लायनिंगचं कौतुक सांगत बसले. मला जिलबी गिळवेना.

पाठवणीला मुलाच्या मामांची मोटार आलेली. फुलांच्या माळा, पुढे पितळी गणपती. सुमन आत बसली, खिडकीतून तिच्या बांगड्या दिसत होत्या, माझ्या मनात असं काही आलं की देवाने ऐकू नये. मोटार थोडी पुढे गेली, पोरं आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला. खर्रर्र.

तोच. सकाळचाच. वाजंत्री चालू होती, कुणाला ऐकू गेलं नाही. मी धावले आणि मोटारीपुढे उभी राहिले. म्हटलं, ही न्यायची नाही, पुढे रेल्वेचं फाटक आहे, ही थांबणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, बाई, सगळ्यांचेच ब्रेक वाजतात, सरका. काकू मोठ्याने म्हणाली, बघवत नाही गं हिला, धाकटी मोटारीतून जाते ते. सुमनने माझ्याकडे असं बघितलं, ते अजून आठवतं.

हे गर्दीतून पुढे आले. गाडी हातभर चालवायला लावली, ब्रेक दाबायला लावला, कान लावला. मग जॅक लावून चाक उतरवलं. पट्टी कागदाएवढी उरलेली, रिबिटा चकचकीत. ह्यांनी वर बघितलं, मोटारीकडे नाही, माझ्याकडे. म्हणाले, तुला ऐकू आलं? इतक्या वाजंत्रीत?

सुमन टांग्यातून सासरी गेली. रिबिटा सगळ्यांनी पाहिल्या, पण लोकांच्या लक्षात काकूचंच राहिलं. सुमनच्याही. भेटते, बोलते, हळदीकुंकवाला बोलावते, पण मनात तेच आहे. आणि मी तरी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? पोटात दुखत होतंच, बाबा. आवाज आला म्हणून काही दुखणं खोटं होत नाही.

आता सुमनच्या सासरच्यांनी स्वतःची मोटार घेतली आहे. मला सांगितलं नाही, काकूकडून कळलं. परवा दारात तांदूळ निवडत बसले होते, समोरून गेली. सुमन मागे बसलेली, निळं पातळ, बघितलं नाही तिने. कोपऱ्यावर चालवणाऱ्याने ब्रेक दाबला, जरासुद्धा आवाज नाही. हे आतून म्हणाले, कुणाची गं? लायनिंग नवंकोरं दिसतंय.

म्हटलं, असेल कुणाची तरी. सुखाने फिरू दे.